पन्नास किलो आमरस, गॅस किती?

आंबा तयार होतोय, शेडमध्ये टोप घासून पालथा घातलाय आणि डोक्यात एकच प्रश्न: एका बॅचला गॅस किती जाणार? शेजारच्या युनिटवाल्याला विचाराल तर तो म्हणेल, "अंदाजे अर्धा किलो." त्याचा अंदाज त्याच्या शेगडीचा. तुमचा आकडा आपण आज तुमच्याच टेबलावर काढू. गुणाकार-भागाकार येतो ना? मग झालं.

समोर एवढं मांडून ठेवा: १०० किलो पेलणारा आणि १० ग्रॅमचा फरक दाखवणारा मोठा काटा, स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा छोटा काटा, ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर, एक लिटरचा स्टीलचा थर्मास, ब्रिक्स (विरघळलेले घटक किती टक्के) बघायचा रिफ्रॅक्टोमीटर, मोबाइल आणि वही. वही हवीच. मोबाइलवर रसाळ बोटांनी आकडे टिपायला जाल तर हिशेब आणि मोबाइल दोन्ही चिकट होतील.

आपलं उदाहरण असं: हापूसचा ५० किलो पल्प, ३० अंशांवरून ८५ अंशांवर न्यायचा. किती तापवायचं आणि किती वेळ धरायचं हे तुमच्या ठरलेल्या प्रक्रियेप्रमाणे ठेवा. इथले ८५ हिशेब समजावण्यापुरते.

आधी कागदावरचा आकडा

एक किलो पल्प एक अंशाने तापवायला किती किलोज्यूल लागतात, तो आकडा म्हणजे विशिष्ट उष्माधारकता. पाण्याचा ४.१९. पल्पचा त्याहून कमी, आणि किती कमी ते त्यातल्या पाण्यावर ठरतं.

१. पल्प तळापासून नीट ढवळा. पाणी वर आणि गर खाली बसलेला असेल तर पुढचा प्रत्येक आकडा चुकेल.

२. चमचाभर पल्प वाटीत काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम थेंबाचा ब्रिक्स खोटा येतो.

३. रिफ्रॅक्टोमीटरवर आधी साध्या पाण्याचा थेंब ठेवून शून्य बघा. शून्य नसेल तर स्क्रू फिरवून आणा.

४. काच पुसून पल्पचा थेंब ठेवा आणि आकडा लिहा. आपला आला १७.

५. शंभरातून १७ वजा करा, वर आणखी १ वजा करा. तो एक टक्का न विरघळणाऱ्या चोथ्याचा. रिफ्रॅक्टोमीटरला तो दिसत नाही. उरलं ८२. म्हणजे १०० किलो पल्पमध्ये ८२ किलो पाणी.

६. बाकीचे १८ वाटून लिहा: कर्बोदकं १६.७, प्रथिनं ०.६, स्निग्धांश ०.३, राख ०.४. आंब्यात साखरेचंच राज्य असतं, त्यामुळे शेवटच्या तिघांत थोडं इकडेतिकडे झालं तरी उत्तर हलत नाही. बेरीज मात्र १०० आलीच पाहिजे.

७. प्रत्येक घटकाचा वाटा त्याच्या उष्माधारकतेच्या आकड्याने गुणा. टक्के नाही, दशांश वापरा, म्हणजे ८२ नव्हे ०.८२.

पाणी: ०.८२ × ४.१९ = ३.४३६
कर्बोदकं: ०.१६७ × १.४२४ = ०.२३८
प्रथिनं: ०.००६ × १.५४९ = ०.००९
स्निग्धांश: ०.००३ × १.६७५ = ०.००५
राख: ०.००४ × ०.८३७ = ०.००३

८. बेरीज करा. आली ३.६९. ही संख्या वहीत चौकटीत लिहा, ती पुन्हा पुन्हा लागणार आहे.

९. झटपट पडताळा घ्या: ०.८३७ अधिक ३.३४९ गुणिले पाण्याचा वाटा. म्हणजे ०.८३७ + ३.३४९ × ०.८२ = ३.५८. दोन उत्तरांत तीन टक्क्यांचा फरक पडला, चालतो. तुमची उत्तरं ३.६९ आणि २.१ अशी आली, तर कुठेतरी दशांशचिन्ह घसरलंय. आधीची पायरी परत करा.

आणि हो, पल्पमध्ये साखर घालणार असाल तर ३.६९ विसरा. ५० किलो पल्पमध्ये २५ किलो साखर पडली की एकूण ७५ किलोत पाणी ४१ किलोच राहतं, आणि तोच हिशेब नव्याने केला की २.९४ येतात. जॅमवाल्यांचा हिशेब इथेच हमखास बिघडतो: वजन नवं धरतात आणि उष्माधारकता जुनी.

आता थर्मासची परीक्षा

कागदावर भागत असेल तर हा भाग सोडून पुढे जा. पण मला स्वतःला कागदी आकड्यावर अख्खा हंगाम सोपवायला धीर होत नाही, आणि शिवाय यात मजा आहे. थर्मास स्वतःही थोडी उष्णता पितो, म्हणून आधी त्याची भूक मोजू, मग पल्पची.

१०. छोट्या काट्यावर २०० ग्रॅम साधं पाणी भांड्यात मोजून ठेवा. त्याचं तापमान लिहा. आपलं २८.० अंश.

११. थर्मासात साधारण ७३-७४ अंशांचं ३०० ग्रॅम पाणी ओता. थर्मास काट्यावर ठेवून शून्य करा आणि मगच ओता. कपाने मोजू नका.

१२. झाकण लावून थर्मास हलवा आणि तीन मिनिटं थांबा. आतली भिंत तापायला तेवढा वेळ लागतो. मी पहिल्यांदा घाईत लगेच तापमान घेतलं होतं, तर थर्मासची भूक उणे आली!

१३. झाकण उघडून तापमान घ्या. आपलं ७०.० अंश.

१४. मोजलेलं २०० ग्रॅम पाणी लगेच आत ओता आणि झाकण लावा. इथे फोन घ्यायचा नाही.

१५. अर्धा मिनिट हलवून मिश्रणाचं तापमान घ्या. आपलं ५३.८.

१६. गार पाण्याने किती उष्णता घेतली ते काढा, ग्रॅम-अंशात: २०० × (५३.८ − २८.०) = ५१६०.

१७. तिला गरम बाजूच्या घसरणीने भागा. घसरण ७०.० − ५३.८ = १६.२. भागाकार ३१८.५.

१८. त्यातून ३०० वजा करा. उरले १८.५. म्हणजे तुमचा थर्मास १८.५ ग्रॅम पाण्याइतकी उष्णता खातो. थर्मासच्या बुडाला पट्टी चिकटवून हा आकडा लिहून टाका. दुसरा थर्मास घेतलात तर त्याचा वेगळा काढावा लागेल.

१९. थर्मास रिकामा करून कोरडा करा. तळात राहिलेलं चमचाभर पाणीही पुढच्या मापात मोजलं जातं.

२०. पुन्हा ३०० ग्रॅम गरम पाणी भरा, तीन मिनिटं थांबा, तापमान घ्या. सोयीसाठी आपलं पुन्हा ७०.० धरू. तुमचं ६९.४ आलं तर ६९.४ लिहा, आकड्याला गोंजारू नका.

२१. दोनशे ग्रॅमपेक्षा थोडा जास्त पल्प भांड्यात घेऊन भांड्यासकट वजन करा. तापमानही लिहा, २८.० अंश.

२२. पल्प थर्मासात ओता. पाण्यासारखा तो सगळा पडत नाही, कडांना बसतो.

२३. म्हणून रिकामं, बरबटलेलं भांडं पुन्हा काट्यावर ठेवा. दोन वजनांतला फरक म्हणजे आत गेलेला पल्प. आपला बरोबर २०० ग्रॅम.

२४. झाकण लावून एक मिनिट जोरात हलवा. गाठ राहिली तर आतून थंडच राहते आणि थर्मामीटर फसतो.

२५. तापमान घ्या. आपलं ५५.१.

२६. गरम बाजूने दिलेली उष्णता काढा: ३१८.५ × ४.१९ × (७०.० − ५५.१) = १९,८८४ ज्यूल. लक्षात घ्या, ३०० नाही, ३१८.५, थर्मासचा वाटा धरायचाय.

२७. पल्पचं वजन त्याच्या तापमानवाढीने गुणा: २०० × (५५.१ − २८.०) = ५,४२०.

२८. भागाकार करा. १९,८८४ ÷ ५,४२० = ३.६७.

कागदावर ३.६९, थर्मासात ३.६७. एवढं जमलं तर चहा मागवा. जमलं नाही तर पहिला संशय थर्मामीटरवर घ्या. तो एक अंश चुकला असता आणि ५५.१ ऐवजी ५६.१ दाखवलं असतं, तर उत्तर थेट ३.३० वर आलं असतं. म्हणून ०.१ अंशवाला हवा. तापाचा काचेचा किंवा अख्खे अंश दाखवणारा इथे उपयोगाचा नाही.

टोपाला लागणारी उष्णता

२९. टोप रिकामा असताना झाऱ्यासकट तोला. आपला १८ किलो, स्टीलचा. भरल्यावर तोलू म्हणाल तर कधीच तोलणार नाही.

३०. पल्प भरून पुन्हा तोला आणि टोप वजा करा. आपला ५० किलो. "दोन डबे आणि वर थोडा" हे वजन नव्हे.

३१. पल्पचं तापमान मध्यभागी, अर्ध्या खोलीवर घ्या. शीतगृहातून आलेला पल्प कडेला २० आणि पोटात १२ अंश असू शकतो, तेव्हा आधी ढवळा. आपला ३० अंश.

३२. तापमानवाढ काढा: ८५ − ३० = ५५ अंश.

३३. पल्पची उष्णता काढा: ५० × ३.६९ × ५५ = १०,१४८ किलोज्यूल. वजन किलोत घेतलंय म्हणून उत्तर किलोज्यूलमध्ये आलं. ग्रॅम घातलेत तर हजारपट फुगेल.

३४. टोपाची उष्णता काढा, स्टीलची उष्माधारकता ०.५० धरून: १८ × ०.५० × ५५ = ४९५ किलोज्यूल. टोप ॲल्युमिनियमचा असेल तर ०.५० च्या जागी ०.९० घ्या.

३५. वाफेसाठी वहीत एक ओळ कोरी सोडा. ती पहिली बॅच उतरल्यावर भरायची.

३६. पहिली बॅच उघड्या टोपात, नेहमी करता तशीच तापवा. हिशेब चाललाय म्हणून सवय बदलू नका, नाहीतर आकडा तुमचा राहणार नाही. फक्त चवीला, परीक्षेला म्हणून त्यातून चमचाही काढू नका. तोही वाफेच्या खाती जाईल.

३७. ८५ अंश झाले की गॅस बंद करून टोप झाऱ्यासकट तोला. दोघांनी, जाड कापडाने धरून. पल्प भाजतो तो पाण्यापेक्षा वाईट, कारण तो कातडीला चिकटून राहतो.

३८. घट काढा. आपले ५० किलोचे ४९.२ झाले, म्हणजे ०.८ किलो पाणी वाफ होऊन गेलं.

३९. घट २,३०० ने, म्हणजे किलोभर पाण्याची वाफ व्हायला लागणाऱ्या किलोज्यूलने, गुणा: ०.८ × २,३०० = १,८४० किलोज्यूल. आता जरा थांबून वरची ओळ बघा. अठरा किलोच्या अख्ख्या टोपाने ४९५ खाल्ले आणि जेमतेम पाऊण किलोहून थोड्या जास्त वाफेने १,८४०!

४०. तिन्हींची बेरीज करा: १०,१४८ + ४९५ + १,८४० = १२,४८३ किलोज्यूल.

शेगडी किती खाते

गॅसची सगळी ऊर्जा टोपात जात नाही, बरीचशी शेडचं छप्पर तापवते. किती, ते पाण्यावर तपासा. पल्प कशाला जाळायचा?

४१. सिलिंडर बंद करून रेग्युलेटर काढा, सिलिंडर उभाच ठेवून तोला. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर धरलाय. घरगुती सिलिंडर शेडमध्ये चालत नाही.

४२. त्याच टोपात ५० किलो पाणी भरून ३० अंशांपासून सुरुवात करा, झाकण ठेवून. झाकणाला थर्मामीटरपुरतं भोक असलं की सारखं उघडावं लागत नाही.

४३. बर्नर नेहमीच्या ज्योतीवर पेटवा आणि वेळ लिहा.

४४. पाणी ८० अंशांवर आलं की गॅस बंद करून पुन्हा वेळ लिहा. उकळू देऊ नका, वाफेचा घोळ सुरू होतो. आपली ३५ मिनिटं लागली.

४५. सिलिंडर कोरड्या फडक्याने पुसा. जोरात गॅस ओढला की तो गार पडतो आणि मे महिन्यातल्या दमट हवेत त्याला बाहेरून घाम सुटतो. ते पाणीही काट्यावर चढतं.

४६. सिलिंडर पुन्हा तोला. आपले ४८० ग्रॅम कमी झाले. शंभर ग्रॅमच्या टप्प्यांनी दाखवणाऱ्या भाजीच्या काट्यावर हे ४०० दिसेल नाहीतर ५००, आणि सगळी मेहनत पाण्यात.

४७. पाण्याने आणि टोपाने घेतलेली उष्णता काढा: ५० × ४.१९ × ५० = १०,४७५, अधिक १८ × ०.५० × ५० = ४५०. एकूण १०,९२५ किलोज्यूल.

४८. जळालेल्या गॅसची ऊर्जा काढा: ०.४८ × ४६,००० = २२,०८० किलोज्यूल. एलपीजीच्या किलोमागे ४६,००० धरा. कुठल्या पत्रकात किलोकॅलरी दिसल्या तर आधी ४.१९ ने गुणा; दोन्ही एकके एका बेरजेत घालू नका.

४९. पहिल्याला दुसऱ्याने भागा. १०,९२५ ÷ २२,०८० = ०.४९. अर्ध्याहून जास्त गॅस वाया जातोय, पण निराश होऊ नका. मोठ्या टोपाखाली उघडी शेगडी असली की असा आकडा येतो. उत्तर ०.८ च्या वर आलं तर मात्र आनंद मानू नका, वजन चुकलंय.

५०. पल्पचा गॅस काढा: १२,४८३ ÷ ०.४९ ÷ ४६,००० = ०.५५४ किलो. हाच आपला आकडा: बॅचला ५५४ ग्रॅम.

५१. १९ ला ०.५५४ ने भागा. ३४ बॅच. व्यवहारात ३२ धरा, कारण तळाशी आलेला सिलिंडर नीट जोर देत नाही.

५२. आता वाफेची ओळ खोडून तोच हिशेब परत करा: १०,६४३ ÷ ०.४९ ÷ ४६,००० = ०.४७२ किलो. नुसत्या झाकणाचे बॅचमागे ८२ ग्रॅम! सगळे वाचणार नाहीत, ढवळायला झाकण उघडावं लागतंच. पण अर्धं झाकण तरी आजच करून घ्या.

वेळ

५३. पाण्याची उष्णता सेकंदांनी भागा: १०,९२५ ÷ २,१०० = ५.२ किलोवॅट. ही तुमच्या शेगडीची टोपात पोचणारी ताकद. सेकंदच घ्या, मिनिटं नकोत.

५४. पल्पची उष्णता त्याने भागा: १२,४८३ ÷ ५.२ = २,४०० सेकंद, म्हणजे ४० मिनिटं.

५५. त्यात पाच-सात मिनिटं मिळवा. पल्प पाण्यासारखा आपणहून फिरत नाही. हात थांबला की तळाला थर धरतो, आणि तो थर उष्णता वर जाऊ देत नाही. वेळ वाचवायला ज्योत वाढवू नका, करपेल. झारा तळाला घासत फिरवा.

भरल्यावर गार करायला पाणी

५६. बाटल्या मोजा आणि एक रिकामी तोला. आपल्या ६० बाटल्या, प्रत्येकी अर्धा किलो काच आणि आत ८०० ग्रॅम पल्प. एकूण ४८ किलो पल्प, ३० किलो काच. उरलेला सव्वा किलो टोपाच्या कडांना आणि झाऱ्याला असतो. पोरं चाटून संपवतात, हिशेबात धरू नका.

५७. ८५ वरून ४० अंशांवर आणायला काढायची उष्णता लिहा: ४८ × ३.६९ × ४५ = ७,९७०, अधिक काचेची ३० × ०.८४ × ४५ = १,१३४. एकूण ९,१०४ किलोज्यूल.

५८. टाकीतलं पाणी किती तापू द्यायचं ते ठरवा. २८ वरून ३६ पर्यंत, म्हणजे ८ अंश. ४० च्या वर नेऊन चालणारच नाही, मग बाटली ४० वर येणार कशी?

५९. भागाकार करा: ९,१०४ ÷ (४.१९ × ८) = २७२ लिटर. दोनशे लिटरचा एक पिंप पुरणार नाही, दुसरा भरून ठेवा.

६०. बाटल्या आधी कोमट पाण्यात आणि मगच या पाण्यात सोडा. एकदम गार पाण्यात घातलेली काच तडकते, आणि एक फुटली की तिच्यासोबतच्या सगळ्या तपासाव्या लागतात.

बाटलीऐवजी पिशव्या भरून डीप फ्रीझरमध्ये ठेवणार असाल, तर ३० ते उणे १८ म्हणजे ४८ अंश धरून ३.६९ × ४८ = १७७ असा सरळ गुणाकार करू नका. किलोमागे हिशेब तीन तुकड्यांत करा: ३० ते उणे २ अंशांपर्यंत ३.६९ × ३२ = ११८; पाणी गोठायला ०.८२ × ३३४ = २७४; पुढे उणे १८ पर्यंत गोठलेल्या पल्पचा आकडा १.८७, म्हणून १.८७ × १६ = ३०. एकूण ४२२ किलोज्यूल. हा ढोबळ आकडा, कारण साखरेमुळे सगळं पाणी एकाच ठिकाणी गोठत नाही. पण दुपटीहून जास्त उष्णता काढायची आहे हे तरी कळतं, आणि एका रात्रीत फ्रीझर गच्च भरून सकाळी पिशव्या मऊ का निघतात तेही.

शेवटचा ताळा

६१. पुढच्या खऱ्या बॅचच्या आधी आणि नंतर सिलिंडर तोला, पुसून. फरक वहीत ५५४ च्या शेजारी लिहा.

६२. फरक ५०० ते ६१० ग्रॅममध्ये असेल तर हाच आकडा घेऊन हंगाम चालवा. ६१० च्या वर गेला तर आधी दारातून वारा ज्योतीवर येतोय का बघा, मग टोपाचं बूड बाहेरून काजळलंय का, मग आतून थर बसलाय का. याच क्रमाने बघा. दार ओढून घ्यायला दोन सेकंद लागतात, थर खरवडायला अख्खी दुपार.